भाड्याचा डोंगा

बेटावर येऊन तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस कुंताबाई उजाडायच्या आत उठून रिसॉर्टच्या अंगणातली पानं वेचत होत्या. झाडायला येणारी मुलगी पहिल्या दिवशी नुसती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं त्यांच्या नवऱ्याला, बंडूजींना सांगितलं आणि आज चहाच्या टेबलावर, आवाज दाबून, बंडूजींनी कुंताबाईंना.

"तू इथं आराम कराले आली का झाडू माराले?"

"झाडू कुठं मारला? पानं उचलली."

"लोक पाह्यतेत ना वं."

लोक म्हणजे वर्धा आणि नागपूर जिल्ह्यातले चाळीस कृषी केंद्रवाले. बियाण्याच्या एका कंपनीनं, वर्षभरात ठरल्यापेक्षा जास्त माल विकला म्हणून, त्यांना अंदमान दाखवायला आणलं होतं. अशा सहली आधीही झाल्या होत्या, पण बायकांना सोबत आणायची मुभा या वर्षी पहिल्यांदाच मिळाली होती. सिंदी रेल्वे या गावात बंडूजींचं दुकान तीस वर्षांचं. ते दोनदा असे जाऊन आले होते, एकटेच. कुंताबाई मात्र विमानात पहिल्यांदाच बसल्या होत्या, जहाजातही पहिल्यांदाच. आणि आता नील नावाच्या या बेटावर नारळीखालच्या पांढऱ्या खुर्चीत बसून बसून त्यांचा जीव नुसता वर-खाली होत होता.

खरं तर हे बसणं आठ महिन्यांपासूनचं होतं. सिंदीच्या बाहेर, विहिरीवरची दोन एकर वाडी पंचवीस वर्षं कुंताबाईंनीच केली. वांगी, भेंडी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. दुकान बंडूजींचं आणि वाडी त्यांची, असं घरात कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. मागच्या मे महिन्यात त्यांना वाडीतच ऊन लागलं. दोन दिवस दवाखान्यात सलाइनवर काढले. वाडीत कामाला येणाऱ्या कमलाबाईनं उचलून आणलं, एवढं त्यांना नंतर समजलं. मग जूनमधे एका सकाळी शेजारच्या शेताचा कवडू दारात उभा राहिला आणि मोटरच्या पेटीची किल्ली मागू लागला.

"बंडूजीनं वाडी ठेक्यानं देल्ली ना मले," तो म्हणाला. "तुमाले सांगतलं नाई का?"

नव्हतं सांगितलं. विचारल्यावर बंडूजी म्हणाले, "आता आराम कर." मुलगा पीयूष म्हणाला, "आई, गंज काम केलं तू आतापर्यंत, बस झालं." त्यानंतर घरातली सगळी भांडी घासून झाली, दुकानातली रिकामी पोती झटकून, घड्या घालून झाली. रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि गाडी गेली की परत यायचं, असंही काही दिवस झालं. कुंताबाईंना राग आला होता, पण तो काढायला जागाच सापडत नव्हती. वाडीचा विषय काढला की बंडूजी उठून दुकानात जात.

त्या दिवशी नाश्त्याच्या वेळी कंपनीचा माणूस चंदन टाळ्या वाजवत उभा राहिला. "सकाळ मोकळी आहे. पोहा, फिरा, फोटो काढा. अडीच वाजता सगळ्यांच्या बॅगा इथे. चार वाजता पोर्ट ब्लेअरचं जहाज. जहाज कुणासाठी थांबत नाही, काका लोक, लक्षात ठेवा."

पुरुषमंडळींनी लगेच पत्त्यांचा डाव मांडला. बंडूजी त्यात बसले. कुंताबाईंच्या शेजारी सुलोचनाबाई होत्या, समुद्रपूरच्या. त्या खुर्चीत पाय वर घेऊन म्हणाल्या, "आमच्या समुद्रपुरात समुद्र नाई, मनून इतक्या दूर यावं लागलं, बाई. आता मी उठत नाई इथून." आणि खरोखरच डोळे मिटून पडल्या.

कुंताबाई उठल्या आणि किनाऱ्यानं चालू लागल्या.

रिसॉर्टपासून दूर, जिथं पर्यटकांच्या काचेच्या तळाच्या बोटी संपत होत्या, तिथं एक म्हातारा लाकडी नावेच्या फटींत काहीतरी चिकट भरत बसला होता. त्याच्या मागं दुसरी, लहान नाव अर्धी पाण्यात उभी होती. निळा रंग उडालेला, दोन वल्ही आत आडवी टाकलेली. कुंताबाई तिच्याजवळ गेल्या आणि कडेवर हात ठेवला. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. पाण्याची हलकी चाल हाताला लागत होती.

त्यांचे वडील हिंगणीजवळ बोर धरणावर पाटबंधारे खात्यात खलाशी होते. भिंतीजवळच्या खांबावर पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची, जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी खात्याचा एक डोंगा होता. कुंताबाई नऊ-दहा वर्षांच्या झाल्यापासून वल्हं त्यांच्या हातात असे आणि वडील पुढे बसून आकडे वाचत. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या सिंदीला आल्या. तिथं विहीर होती, रेल्वे होती, कापसाच्या गाड्या होत्या, डोंगा नव्हता. सदतीस वर्षांत हा विषय कधी निघालाच नाही.

"भैया, ये भाडे से देते क्या?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "देते हैं. मेरा लड़का चलाता है, वो आज पोर्ट ब्लेअर गया है. कल आइए, माँ."

"चलानेवाला नहीं चाहिए. मैं चलाऊंगी."

तो हसला. कुंताबाईंनी साडीचा काष्टा मारला, नावेत पाय टाकला, मधल्या फळीवर पाठमोऱ्या बसल्या आणि दोन्ही वल्ही खुंट्यांत बसवून एकदा मागं ओढली. नाव दोरीच्या टोकापर्यंत सरळ गेली आणि थांबली. त्यांनी एकच वल्हं दाबलं, तशी ती जागच्या जागी फिरली.

म्हातारा उठून उभा राहिला. त्याचं नाव मंडल. कुठे शिकलात, असं त्यानं विचारलं. त्यांनी धरणाचं सांगितलं. त्याला वर्धा माहीत नव्हतं, पण धरण समजलं. भाडं ठरलं. मग बोट वर करून त्यानं दोनदा बजावलं, "सुनिए माँ. वो जहाँ पानी का रंग बदलता है, उसके इधर ही रहना. और साढ़े नौ के बाद पानी तेज़ी से उतरेगा. दस के पहले वापस. नाव मेरी रोज़ी है, आपके भरोसे दे रहा हूँ."

"आती हूँ, भैया. भरोसा रखो."

नेमके तेव्हाच बंडूजी शोधत शोधत आले. पत्त्यांच्या डावात कुणीतरी म्हणालं होतं की वहिनी एकट्याच किनाऱ्यानं कुठे निघाल्या.

"कुंता! उतर खाली. काऊन वं, येडी झाली का?"

"बसा तं."

"मले पोहता येत नाई. तुले बी नाई."

"मले येते."

बंडूजी तिच्याकडे पाहतच राहिले. सदतीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, तिला पोहता येतं हे त्यांना आज, समुद्राच्या काठावर समजत होतं. मागं वळून त्यांनी पाहिलं. दोन-तीन केंद्रवाले हातात चहाचे कप घेऊन किनाऱ्यावर आले होते आणि मजा पाहत होते. त्यांच्यादेखत बायकोला एकटीला जाऊ द्यावं तर वाईट, ओढून खाली उतरवावं तर त्याहून वाईट. मंडलनं पुढे केलेलं नारिंगी जाकीट त्यांनी अंगात चढवलं आणि धोतर सावरत नावेत बसले. बसले ते दोन्ही कडा घट्ट धरूनच.

पाणी काचेसारखं होतं. खाली पांढरी वाळू, तिच्यावर नावेची सावली. कुंताबाई वल्हं मारत होत्या आणि त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी, जे आठ महिने आखडून बसलं होतं, ते एकेक झटक्यानं सुटत होतं. पण सुटून शांत होत नव्हतं. जितकं पुढे जावं तितकं आणखी पुढे जावंसं वाटत होतं. किनाऱ्यावरची माणसं काड्यांएवढी झाली. सुलोचनाबाईंची खुर्ची दिसेनाशी झाली. काळ्या कातळांच्या एका रांगेला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या.

"साडेनऊ झाले," बंडूजी घड्याळ पाहून म्हणाले.

"हाव."

"तो म्हातारा काय म्हनत होता? पानी उतरते."

"उतरू द्या ना. पानी का एका घंट्यात उतरते?"

बोर धरणाचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा आठवड्याला बोटभर उतरे. वडील खांबावर बोट ठेवून दाखवत, कालची खूण आणि आजची. मंडलचे शब्द कुंताबाईंनी कानांनी ऐकले होते, पण ते धरणाच्या पाण्यानं मोजले होते. आणि मान वळवली की तो रंग बदलताना दिसत होता, हिरव्यातून गडद निळ्यात. तिथपर्यंत जाऊन वळायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"पलटव आता, कुंता."

"थोडंसं आनखी."

"कायले पायजे तुले आनखी? काय हाय तिथं?"

कुंताबाईंनी आणखी दहा वल्ही मारली, रंगाच्या रेषेजवळ पोचल्या, क्षणभर थांबल्या आणि नाव वळवली. त्यांना वाटलं होतं आलो तसेच जाऊ. पण पाणी आता विरुद्ध दिशेला ओढत होतं. पाच वल्ही मारावीत तेव्हा तीन वल्ह्यांचं अंतर जाई. कातळांची रांग, जिची येताना नुसती टोकं दिसत होती, ती आता कमरेएवढी वर आली होती. कुंताबाईंनी जोर लावला. घामानं पाठ भिजली. कातळांमधल्या वाटेनं त्या आत शिरल्या आणि मान वळवल्यावर किनारा दिसला, तेवढ्यात खालून खर्र असा आवाज आला. नाव थांबली.

दोघांनी खाली पाहिलं. पिवळसर, खडबडीत प्रवाळ, त्यावर वीतभर पाणी.

बंडूजी उतरले. घोट्यापर्यंत पाय गेले. त्यांनी मागून ढकललं, नाव कुरकुरली. "थांबा, थांबा," कुंताबाई ओरडल्या. त्याही उतरल्या, वाकून हात तळाला लावून पाहिला. फळीला खरचटलं होतं. आणखी ढकललं तर फाटली असती. त्या विचार करत उभ्या राहिल्या आणि तेवढ्या वेळात घोट्यापर्यंतचं पाणी पावलापर्यंत आलं. दहा-पंधरा मिनिटांत नावेच्या चारही बाजूंना उघडा खडक होता. मधे मधे डबकी, डबक्यांत काळे, जाड, काकडीच्या आकाराचे जीव निवांत पडलेले. किनारा अर्धा-पाऊण किलोमीटर. तिथून मंडल दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होता. शब्द पोचत नव्हते. दोन्ही तळवे खाली दाबून तो पुन्हा पुन्हा एकच खूण करत होता: बसा, थांबा.

"पानी वापस कदी येईन?" बंडूजींनी विचारलं, जणू ते कुंताबाईंनाच माहीत असणार.

"जितक्या वेळात गेलं तितक्याच वेळात येत असन."

त्यांनी अंदाजानं हिशोब केला: अजून तीन तास तरी उतरणार, मग तितकाच वेळ चढणार. चार तरी वाजणार. बंडूजींचा चेहरा उतरला.

"चार वाजता जहाज हाय."

"हाव."

"चाल मंग. पायी चाल. वाट हाय की आता, सारा खडक उघडा हाय."

"आन डोंगा?"

"राहू दे ना डोंगा! त्याचा तो घेऊन जाईन."

"पानी आल्यावर हा असा मोकळा सोडला तं त्या गोट्यावर आपटन. फुटन. मी भरोसा ठेव मनून सांगतलं त्याले."

"नुकसानीचे पैसे देऊन देऊ."

"मी नाई येत."

बंडूजींनी तिच्याकडे पाहिलं. ती कधी अशी बोलली नव्हती. म्हणजे वाडीत, मजुरांशी बोलत असेल, पण त्यांच्याशी नाही. "कुंता, चाळीस लोक हसतीन. चंदन काय म्हनन? कायचा हट्ट हाय हा?"

"तुमी वाडी देल्ली तवा मले विचारलं होतं का?"

"तो विषय इथं काऊन काढून राह्यली?"

"इथं तुमाले उठून जाता येत नाई मनून."

बंडूजींनी नारिंगी जाकीट काढून नावेत टाकलं. "आता येते जाता," ते म्हणाले. पाण्याची बाटली होती ती त्यांनी फळीवर ठेवली, डोक्यावरची टोपी काढून तिच्याशेजारी ठेवली आणि चपला हातात घ्याव्यात की पायात राहू द्याव्यात याचा क्षणभर विचार करून, पायातच ठेवून, किनाऱ्याकडे चालायला लागले.

कुंताबाईंनी हाक मारली नाही. त्या पाहत राहिल्या. बंडूजी डबकी चुकवत, हात पसरून तोल सांभाळत जात होते. मधेच ते एकदम वाकले, खाली बसले. बराच वेळ बसून राहिले. कुंताबाई नावेत उभ्या राहिल्या. पाय कापला असणार. जावं का? त्यांनी एक पाय बाहेर टाकलासुद्धा. तेवढ्यात ते उठले आणि लंगडत पुढे गेले. मागं वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. किनाऱ्याजवळ मंडल पुढे आला, त्यानं त्यांचा हात धरला, आणि दोघं झाडीत गेले.

मग उन्हाखेरीज कुणी उरलं नाही.

पहिला तास त्यांनी कामात काढला. नावेत साचलेलं पाणी डब्यानं उपसलं. पुढच्या टोकाला दोरीनं बांधलेला दगड होता, तो दोरी पुरेल तितका किनाऱ्याच्या बाजूला नेऊन दोन कातळांच्या फटीत पक्का बसवला, म्हणजे पाणी आल्यावर नाव मागं ओढली जाणार नाही. तळाखाली जिथं धार टोचत होती तिथं बंडूजींचं जाकीट सारलं. त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही. टोपी डोक्यावर, तिच्यावरून पदर. बाटलीतलं पाणी घोट घोट. एक वाजला असेल, दीड असेल. पाणी येत नव्हतं. त्या उठत, नावेभोवती फेरी मारत, पुन्हा बसत. काळ्या काकड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकटं राहायला मिळालं म्हणून बरं वाटावं, तर तेही वाटत नव्हतं. डोक्यात नुसती भाषणं चालली होती. बंडूजींना हे सांगायचं, ते सांगायचं. त्यात मधेच मे महिन्यातलं ऊन आठवे, वांग्याच्या ओळी आठवत, आणि त्यानंतर काहीच आठवत नसे. एकदम दवाखान्याचं छत. तोंडाला कोरड पडली की त्यांना भीती वाटे, आणि भीती वाटली की स्वतःचाच राग येई. त्या पदर ओला करून मानेवर ठेवत.

अडीचच्या सुमारास डबक्यांतलं पाणी हललं. इतकं हळू, की आधी डोळ्यांचा भास वाटला.

ते चढत होतं आणि तरी नाव उचलत नव्हतं, तेव्हाच जहाजाचा भोंगा आला. बेटाच्या टोकाजवळून पांढरं जहाज निघालं, आणि थोड्या वेळानं खडकांच्या पलीकडच्या निळ्या पाण्यातून सरळ जाऊ लागलं. वरच्या मजल्यावर माणसं दिसत होती, ठिपक्यांएवढी. त्यांत बंडूजी असतील. सुलोचनाबाई असतील. चंदन मोजून मोजून सगळ्यांना पाणी वाटत असेल. कुंताबाईंना रडू आलं नाही. जहाज लहान होत गेलं तसं त्यांना पहिल्यांदा हे दिसलं, की परत नेमकं जायचं कुठे, हे त्यांना माहीत नाही. रिसॉर्टमधली खोली तर सोडून झाली होती.

नाव एकदा हलली. मग दुसऱ्यांदा. कुंताबाईंनी दगड सोडवला, जाकीट ओढून आत घेतलं, वल्हं खडकावर टेकवून जोर लावला आणि नाव मोकळी झाली. आता पाणी स्वतःच किनाऱ्याकडे चाललं होतं. हातांना फोड आले होते. दोन फुटले, वल्ह्याला लागून चुरचुरत होते. त्या ओढत राहिल्या. किनारा पाठीमागं होता. तळाला वाळू घासली तेव्हाच त्या थांबल्या आणि मागं वळल्या.

मंडल गुडघाभर पाण्यात उभा होता, नावेचं टोक धरून. त्याच्या मागं, पालथ्या नावेला टेकून, बंडूजी उभे होते. एका पायाला पंचा गुंडाळलेला, त्यावर रक्ताचा डाग. शेजारी दोन्ही बॅगा.

कुंताबाईंनी आधी बॅगांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"जहाज गेलं," त्या म्हणाल्या.

"पाह्यलं मी."

"तुमी काऊन नाई गेले?"

"चाळीस लोकांसमोर चंदनसंग भांडलो. तो म्हने, काका, तुमच्यामुळं सगळ्यांचं जहाज चुकन. मी म्हनलं, जा तुमी, आमी सकाळच्यानं येतो. विमान दुपारी हाय." ते रागातच बोलत होते. "सारे हसले. समुद्रपूरवाला म्हने, बंडूजी, वहिनीनं पळवून नेलं का तुमाले?"

मंडलनं नाव कलती करून तळ पाहिला, बोटं फिरवली. खरचटलेल्या फळीवर त्याचा अंगठा थोडा वेळ थांबला. "ये भर जाएगा," तो म्हणाला. "छोड़ के आतीं तो आज ये लकड़ी हो जाती, माँ." दोघांनी आज आपल्याच घरी राहावं, बायकोनं भात टाकला आहे, असं सांगून तो वल्ही खांद्यावर घेऊन पुढे गेला.

ते दोघं मात्र पालथ्या नावेवर बसले. बंडूजी पायाकडे पाहत होते.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "तुले पहिले कमलाबाईनं नाई पाह्यलं."

कोणता दिवस, हे कुंताबाईंनी विचारलं नाही.

"तू जेवाले घरी आली नाई मनून मी गेलतो वाडीत. वांग्याच्या तासात, दोन ओळींच्या मंधात, पडली होती. तोंडात माती. मी हात लावला, तं तापलेलं आंग. डोळे अर्धे उघडे. मले वाटलं, गेली." त्यांनी वाळूचा एक खडा उचलला, टाकला. "मी हाक नाई मारली, कुंता. पानी नाई आनलं. बसलो. तिथंच, तुझ्या बाजूले, खाली बसलो. किती वेळ, मले नाई माहीत. कमलाबाई विहिरीकून आली तवा तिनं बोंब मारली, तिनंच उचललं. मी पाय बी नाई धरले. अजून दहा मिनिटं ती आली नसती तं..."

कुंताबाईंचे हात मांडीवर उघडे पडले होते, फोड वर.

"मनून देल्ली वाडी," बंडूजी म्हणाले. "तुले विचारलं असतं तं तू विचारती, काऊन. मंग हे सांगा लागलं असतं."

काचेच्या तळाच्या बोटी एकेक करून आत येत होत्या, लोक उतरत होते, ओले कपडे पिळत होते.

"मेली नव्हती मी," अखेर कुंताबाई म्हणाल्या. "ऊन लागलं होतं. दोन सलाइननं उभी झाली. तुमी मात्र मले मेलेली समजून वाडी वाटून टाकली. आठ महिने मी आपल्याच घरी तेरवीले आलेल्या पाहुणीसारखी बसून हावो."

बंडूजींनी मान वर केली नाही. "हाव," ते म्हणाले.

"आन मले सांगाचं होतं. बसले तं बसले. भेव कोनाले नाई लागत? आज मले बी लागलं, तिथं एकटीले."

"मले इथून, या झाडाखालून, दिसत होती तू," बंडूजी म्हणाले. "मंडलले म्हनलं, दुसरी नाव काढ. तो म्हने, पानीच नाई तं नाव कायच्यात चालवू. मंग उभाच राह्यलो, या पायावर. आज बसलो नाई."

कुंताबाई उठल्या, त्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या, फोडांमुळे एक लगेच खाली ठेवली, आणि बंडूजींना हात दिला. लंगडत, एक बॅग बंडूजींकडे, एक कुंताबाईंकडे, असे ते मंडलच्या घराकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जहाजानं ते पोर्ट ब्लेअरला पोचले आणि विमान त्यांना मिळालं. सुलोचनाबाईंनी कुंताबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि सगळी हकीगत दोनदा सांगायला लावली.

सिंदीला परत आल्यावर वाटलं होतं तितकं सोपं काही झालं नाही. वाडीत कवडूचं पीक उभं होतं आणि बोली वर्षाची होती. पीयूषनं आधी वाद घातला, मग आईचे हात पाहिले आणि डॉक्टरकडे चल म्हणाला. डॉक्टरनं रक्तदाब मोजला, उन्हाचं सांगितलं, पण शेतात जाऊ नका असं काही तो म्हणाला नाही. शेवटी बंडूजी स्वतः कवडूच्या घरी गेले. गुढीपाडव्यापासून विहिरीकडचा अर्धा एकर कुंताबाईंचा, बाकीचा पुढच्या हंगामापर्यंत कवडूचा, असं ठरलं. बंडूजींनी घातलेली अट एकच होती: अकरा ते चार घरी. कुंताबाईंनी हो म्हटलं, आणि पहिल्याच आठवड्यात साडेबारापर्यंत तिथंच सापडल्या. बंडूजी दुकान पीयूषवर टाकून, छत्री घेऊन बांधावर येऊन उभे राहिले आणि उभेच राहिले, तेव्हा त्या निघाल्या.

भेंडी उगवली त्या दिवशी वाडीत भांडण झालं. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाइन दिवसा होती, आठ तासच, आणि मोटर एक. कवडूची बायको म्हणाली, पहिले आमचं, आमचा पसारा मोठा. कुंताबाई म्हणाल्या, माझं रोप आजच उगवलं आहे, पहिले माझं. दोघी विहिरीच्या काठावर उभ्या राहून हात हलवत, आवाज चढवत बोलत होत्या. कवडू खाली मान घालून पाइपाला पट्टी गुंडाळत होता. कमलाबाई मधे पडायला गेली, तर दोघींनी मिळून तिला गप्प केलं. अखेर सकाळी दोन तास कुंताबाईंचे आणि नंतर कवडूचे, असं ठरलं. उद्या पुन्हा भांडावं लागेल हे दोघींना माहीत होतं.

कुंताबाईंनी स्टार्टर दाबला. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्यांनी फावडं उचललं आणि पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं.